सकाळची पहिली दहा पावलं

रोज सकाळी साडेसहाच्या आसपास माझ्या फोनवर एक आकडा येतो. नुसता आकडा. सुप्रभात नाही, गुलाबाचं फूल नाही. कधी ३, कधी ४. फोन एका बाईचा, आकडा तिच्या लेकीचा, आणि लेक आमच्या शाळेच्या खो-खो संघातली. अंथरुणातून उठायचं, दहा पावलं टाकायची आणि त्या दहा पावलांत उजव्या टाचेमागची शीर किती दुखली ते शून्य ते दहामध्ये कळवायचं, असं आमचं ठरलेलं आहे. चहाचं आधण ठेवून मी तो आकडा वहीत उतरवते. घरचे म्हणतात, मटक्याचा आकडा लागला का. लागल्यासारखंच आहे ते.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका शाळेत खेळ शिकवते. वीस वर्षं झाली. ही पोरगी आमची पोलवरची. म्हणजे पळणारी खांबाला वळसा घालून निसटायला बघते तेव्हा एका हाताने खांब धरून, अंग झोकून तिला टिपणारी. असं अंग टाकताना सगळा जोर एका पायाच्या चवड्यातून येतो. हजार वेळा सराव, हजार वेळा तोच पाय.

ऑगस्टमध्ये एक दिवस ती शाळेचा जिना आडवी उतरताना दिसली. खेकड्यासारखी. मी खालून विचारलं, काय गं?

"काही नाही मॅडम. झोपेत नस चढली."

आपल्याकडे ही फार सोयीची नस आहे. मानेपासून टाचेपर्यंत काहीही दुखलं की नस चढते, आणि चढलेली नस चोळून उतरवायची असते. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप, निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कुणीतरी आजी अंगठ्याने दाबून देते. टाचेमागे असते ती नस नव्हे, कंडरा. डॉक्टर टेंडन म्हणतात. पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी बांधणारा दोर. पळताना या दोरावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. पोरगी पंचेचाळीस किलोची धरली तरी तीन-साडेतीन क्विंटल. सोयाबीनची पाच-सहा पोती म्हणा. प्रत्येक पावलाला.

सोनोग्राफी केली. कंडरा जाड झालेली, कुठे तुटलेली नाही. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलं, तीन महिने पूर्ण आराम. तपासणी आणि निकाल मिळून चार मिनिटं लागली असतील. बाहेर आल्यावर तिच्या आईने विचारलं, "तीन महिने म्हणजे दिवाळीच्या पुढं की मॅडम?" मी हो म्हटलं. तिने मान हलवली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. तो मला नंतर कळला.

त्याच्या आधी माझ्या गुडघ्याचं सांगून टाकते, कारण तो या गोष्टीत सारखा मध्ये येतो. नव्वदच्या दशकात मीही खेळत होते. वाटीखालची कंडरा दुखत होती. उडी मारणाऱ्यांना हटकून होणारं दुखणं. राज्य निवड चाचणीच्या आठवडाभर आधी एका डॉक्टरांनी तिथेच स्टिरॉइडची, म्हणजे सूज-दुखणं दाबणारी, सुई दिली. चमत्कार झाला. मी पळाले, निवडले गेले, प्रमाणपत्र मिळालं. दोन महिन्यांनी दुखणं परत आलं ते मुक्कामालाच. आज लग्नाच्या पंगतीत मी खुर्ची मागते आणि बायका म्हणतात, खेळाच्या मॅडम आणि खुर्ची?

त्या वेळी आम्हाला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी कोपराच्या कंडरेसाठी, म्हणजे ज्याला टेनिस एल्बो म्हणतात त्यासाठी, स्टिरॉइडची सुई, व्यायामासह फिजिओथेरपी आणि नुसतं थांबणं अशी तुलना केली. सहा आठवड्यांनी सुईवाले सगळ्यांत पुढे होते. वर्षाने सगळ्यांत मागे. टाचेच्या कंडरेजवळ तर ती सुई देताना जाणते डॉक्टर दहा वेळा विचार करतात, कारण तुटायची भीती असते. काही अँटिबायोटिक्सही कंडरेला मारक ठरतात. सिप्रोफ्लॉक्सासिन त्यातलं. जुलाब लागले, ताप आला की मेडिकलवाल्याकडून पोरं जी पाकिटं आणतात त्यात ते असतं. माझ्या संघात आता गोळीचं पाकीट मला दाखवल्याशिवाय कुणी गिळत नाही. अतिरेक असेल, असू दे.

पण त्या सुईबद्दल मला बोलायचंय ते वेगळंच. ती चूक होती, असं मला ठामपणे म्हणता येत नाही. प्रमाणपत्रामुळे बी.पी.एड.ला, म्हणजे खेळशिक्षकाच्या पदवीला, प्रवेश सोपा गेला, बी.पी.एड.मुळे नोकरी लागली, नोकरीमुळे वडिलांचं कर्ज फिटलं. आराम केला असता तर गुडघा बरा राहिला असता, आणि बऱ्या गुडघ्याने मी कुणाच्या तरी रानात खुरपत असते. हा हिशेब मी कुठल्याच पोरीला सांगत नाही. पण कुठल्याही पोरीच्या पायाचा निर्णय घेताना तो माझ्या डोक्यात चालू असतो, हेही खरं.

तर आईचा न विचारलेला प्रश्न. पोरगी जूनमध्ये अठराची झाली. गेल्या वर्षापासून स्थळं येतायत. बापाला दर वेळी सांगितलं जातं, खेळतीय, राज्याला जाईल, खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के जागा असतात. खो-खो खेळाडू सारिका काळे आमच्याच जिल्ह्यातल्या. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, क्रीडा अधिकारी झाल्या. दिल्लीत २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, भारताच्या महिलांनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं, तेव्हा गावातल्या पारावर मोबाइलभोवती गर्दी होती. बाप तेवढ्यावर गप्प बसलेला. पण यंदा सप्टेंबरात पाऊस असा कोसळला की उभं सोयाबीन पाण्यात गेलं. माती वाहून गेली. घरात पैसा नाही, आणि पोरगी खेळत नाही, नुसती घरी बसलीय. अशा घरात पाहुणे पोहे खायला यायला किती वेळ लागतो?

आणि घरी बसणं म्हणजे तरी काय? पाणी ओसरल्यावर उरलंसुरलं सोयाबीन चिखलातून काढायला ती गेलीच. घोट्याएवढ्या चिखलात, डोक्यावर ओझं. चिखलातून पाय ओढताना पोटरी आणि टाचेवर काय बेततं ते आपल्याला माहीत आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीतला आराम शहरातल्या सोफ्यावरचा होता.

केविन ड्युरांट नावाचा अमेरिकन बास्केटबॉल खेळाडू आहे. २०१९ मध्ये पोटरी दुखावल्याने तो महिनाभर बाहेर होता. १० जूनला अंतिम मालिकेतल्या पाचव्या सामन्यात त्याला उतरवलं. बारा मिनिटं खेळला, ११ गुण केले आणि टाचेची कंडरा तुटली. त्यावर जगभर लिहिलं गेलं: कुणी उतरवलं, डॉक्टरांनी की मालकांनी, की त्याचा तोच उतरला. मला त्यातलं पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच उन्हाळ्यात, पायाचं ऑपरेशन झालेलं असताना, दुसऱ्या संघाने त्याच्याशी चार वर्षांचा सोळा कोटी डॉलरहून मोठा करार केला. पुढचा पूर्ण मोसम तो एक मिनिटही खेळला नाही. त्याच्या विश्रांतीला कुणीतरी पैसे मोजत होतं.

क्रिकेटमधल्या मोहम्मद शमीचं उदाहरण पोरी स्वतःच देतात. २०२३ च्या विश्वचषकात टाचेचं दुखणं घेऊन सात सामन्यांत २४ बळी. "मग शमी कसा खेळला मॅडम?" खेळला. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच टाचेचं ऑपरेशन झालं, मैदानात परत यायला नोव्हेंबर उजाडला. हे मी सांगते तेव्हा त्यांना फक्त २४ ऐकू येतं. मलाही त्या वयात तेवढंच ऐकू आलं असतं.

आमच्या शेजारचा, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा, अडथळ्यांची शर्यत पळणारा अविनाश साबळे २०२५ च्या जुलैत मोनॅकोला पाण्याच्या अडथळ्यावर पडला आणि गुडघ्याचा अस्थिबंध गेला. वाईट झालं, फार वाईट. पण त्या घटनेत त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. पडला, तुटलं, ऑपरेशन. कंडरेचं तसं नसतं. ती महिनोन्महिने सकाळ-संध्याकाळ विचारत राहते. खेळायला लागलं, अंग तापलं की गप्प होते, त्यामुळे खेळाडूला वाटतं बरी झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे पाय जमिनीवर टेकला की बिल हातात.

लातूरला एक फिजिओथेरपिस्ट ताई आहेत, त्यांच्याकडे तिला नेलं. त्यांनी चिठ्ठी बाजूला ठेवली आणि तिला एका पायावर टाचा उचलायला लावल्या. डावा पाय पंचवीस. उजवा आठला थरथरला. त्या म्हणाल्या, नुसत्या आरामाने दुखणं दबेल, पण दोर आणखी कच्चा होईल. त्याला हळूहळू ओझं द्यायला हवं.

ओझ्याने कंडरा सुधारते हा शोध ज्या तऱ्हेने लागला ती तऱ्हा मला फार आवडते. हाकान आल्फ्रेडसन नावाचे स्वीडनमधले अस्थिरोगतज्ज्ञ. त्यांचीच टाच दुखायची. ऑपरेशन हवं होतं, पण वरिष्ठ तयार नव्हते. तेव्हा या गृहस्थांनी ठरवलं, दुखणं इतकं वाढवायचं की ऑपरेशन करावंच लागेल. पायरीच्या कडेवर उभं राहून, वजन घेऊन, दुखेल तितकी टाच खाली सोडायला लागले. कंडरा तुटायच्या ऐवजी बरी झाली. मग १९९८ मध्ये त्यांनी १५ हौशी खेळाडूंवरचा अनुभव छापला: बारा आठवडे, दिवसाला १८० वेळा. आमची पोरगी हे ऐकून हसली आणि म्हणाली, म्हणजे मास्तरांवर राग काढायला गेले आणि गुणच आला.

दुसरा आधार मिळाला तोही स्वीडनचाच. गोटेबर्गला कंडरेच्या ३८ रुग्णांचे दोन गट केले. व्यायाम दोघांनाही, पण एका गटाने पहिले सहा आठवडे पळणं-उड्या मारणं बंद ठेवलं, दुसऱ्याने चालू ठेवलं. अट अशी की दुखणं दहापैकी पाचच्या वर जाऊ द्यायचं नाही, दुसऱ्या सकाळपर्यंत उतरलं पाहिजे, आणि आठवड्यागणिक वाढता कामा नये. वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. २००७ मध्ये ते छापून आलं. माझ्या फोनवरचा आकडा तिथून आला. 'खेळू की नको' याचं उत्तर सामन्याच्या आदल्या रात्री, बॅग भरून दारात उभ्या असलेल्या पोरीकडून घ्यायचंच नाही. त्या वेळी देवीला कौल लावला तरी उजवाच पडेल. विचारायचं दुसऱ्या दिवशी सकाळी.

पण एक गोष्ट मला दुसऱ्या आठवड्यातच कळली. आकडा रोज २ येत होता. सोमवारी २, शाळेच्या फरशीवर दुपारभर सराव करून मंगळवारी २. मी एक दिवस न सांगता सकाळी त्यांच्या घरी गेले. न्हाणीपासून चुलीपर्यंत ती भिंत धरून आली. मला बघितल्यावर भिंत सोडली.

"किती?"

"दोन."

"खरं सांग."

"खरं सांगितलं तर काढता की संघातनं."

मी वीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलेय, म्हणून तर ती असं म्हणाली. जो लंगडला तो बाहेर, जो म्हणाला 'दुखायलंय' तो रडका. माझ्याच शिकवणीने तिचं तोंड बंद केलेलं. चुलीपाशी बसून मी तिला शब्द दिला: आकडा मोठा आला म्हणून तुला काढणार नाही, त्या दिवशीचा सराव बदलू. आकडा खोटा आला तर मात्र काढीन. दुसऱ्या दिवशी आला ६. मला आनंद झाला. पोरीच्या दुखण्याचा आनंद होणं हे बरं नव्हे, पण झाला.

तिथून आमचं गणित जमायला लागलं. ३ आला की पोलचा सराव, ५ आला की बसून खो देणं-उठणं, टाचांचा व्यायाम एक दिवसाआड, पाठीला दप्तरात वीट घालून. ऑक्टोबरच्या सुरुवातीला आकडा तीनवर थांबला आणि एक दिवस एकदम ७. काय केलंस? काही नाही म्हणाली. सरावाची वही उलटीपालटी केली, काही सापडेना. मग आईच म्हणाली, कोजागिरीला तुळजापूरला गेलो होतो की. चालत. अनवाणी. लेकीचा पाय बरा व्हावा म्हणून आईने बोललेला नवस, आणि चालवलं लेकीलाच! वीसेक किलोमीटर डांबरावरून. मी कपाळावर हात मारला. पण रागावणार कुणावर? माझ्या वहीत सरावाचे रकाने होते, सोयाबीनला रकाना नव्हता, पाण्याच्या घागरीला नव्हता, आई भवानीला तर नव्हताच. आता एक रकाना आहे, 'बाकीचं' नावाचा. त्यातच सगळ्यात जास्त लिहिलेलं असतं.

या काळात एक वाचलेली गोष्ट मला झोपू देत नव्हती. डेन्मार्कच्या संशोधकांनी माणसांच्या टाचेच्या कंडरेतला कार्बन मोजला. १९५५ ते १९६३ या काळात अणुचाचण्यांमुळे हवेतला एक किरणोत्सारी कार्बन वाढला होता. तो अन्नातून त्या वेळच्या सगळ्यांच्या शरीरात गेला. स्नायूंमधून तो निघून गेला, कारण स्नायू स्वतःला नवं करत राहतात. कंडरेच्या गाभ्यात तो तसाच सापडला. २०१३ मध्ये त्यांनी मांडलं, की हा गाभा वयाच्या साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो, पुढे जवळपास बदलत नाही. पोरगी अठराची आहे. म्हणजे जो दोर मिळायचा तो मिळून झाला. त्यावर तिने आयुष्यभर चालायचंय: शेतात, स्वयंपाकघरात, पोलीस भरतीच्या मैदानात, जिथे जाईल तिथे. आणि तो कुठे किती ताणायचा हे ठरवणाऱ्यांत मी आहे, बाप आहे, नवस आहे, पाऊस आहे. तिचं मत आम्ही कितव्या नंबरला धरतो?

मी विचारलं तिला एकदा. ग्राउंडवर दोघीच होतो. तुला काय वाटतं?

ती म्हणाली, "मला खेळायचंय मॅडम. पण मला पुढच्या वर्षी पण खेळायचंय."

दुसरं वाक्य नसतं तर मला निर्णय सोपा गेला असता.

दिवाळीनंतर लातूरला विभागीय सामने होते. डॉक्टर नको म्हणत होते, फिजिओथेरपिस्ट ताई म्हणाल्या सकाळचा आकडा पाचच्या आत आहे, तुटण्याचं लक्षण नाही, ताण आवरता आला तर खेळू द्या. आवरायचा कसा, हे मात्र त्यांना सांगता येईना. ते खो-खोवाल्याने सांगायचं. मी तिला पोलवरून काढलं. मधल्या चौकोनात बसवलं, तिथे दोन-चार पावलांत खो द्यायचा असतो. अंग टाकायला दुसरी पोरगी. संरक्षणाला, म्हणजे पळायला, तिघी-तिघींच्या तुकड्या आत जातात, त्यातल्या तिसऱ्या तुकडीत. पहिल्या दोन तुकड्या नीट टिकल्या तर तिच्यावर पळायची वेळच येणार नाही, असा माझा डाव. पोलवरून काढलं म्हणून ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आकडे मात्र पाठवत राहिली.

पहिला सामना ठरल्यासारखा झाला. दुसऱ्यात, अंतिम सामन्याच्या शेवटच्या डावात, आमची दुसरी तुकडी पाऊण मिनिटात संपली. तिसरी आत गेली तेव्हा एक मिनिट चाळीस सेकंद उरले होते आणि आम्ही दोन गुणांनी पुढे. मी तिला थांबवू शकले नसते. नियमाने नाही आणि मनानेही नाही. पहिली पंधरावीस सेकंदं ती जपून पळत होती, मला दिसत होतं. मग तिची जोडीदार बाद झाली आणि तिने जपणं सोडलं. बसलेल्या पोरींच्या मधून नागमोडी पळत साखळी धरली, एक हुलकावणी दिली, खांबाला वळसा घेतला तो नेमका उजव्या पायावर. मी मैदानाकडे बघायचं सोडून घड्याळाकडे बघत होते. वीस वर्षांत पहिल्यांदा.

शिटी वाजली. ती नाबाद. एका गुणाने आम्ही राज्याला. पोरींनी तिला उचललं. खाली ठेवताना मी ओरडले, डाव्या पायावर ठेवा!

परतीच्या एसटीत ती माझ्या शेजारी बसली होती, पाय समोरच्या सीटवर. औशाच्या पुढे अंधारात मी विचारलं, दुखतंय का. म्हणाली, अजिबात नाही. मी गप्प बसले. ती खोटं बोलत नव्हती. अंग तापलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला आकडा आला नाही. पावणेसातला नाही. सात वाजून दहा मिनिटांनी आला: ६. आणि त्याच्या मागोमाग आईचा आवाज: "मॅडम, रविवारी पाहुणे येणार हुते, ह्यांनी नको म्हणून कळवलंय. राज्य होऊ द्या म्हणले."

मी वहीत ६ लिहिलं. 'बाकीचं' रकान्यात काय लिहावं ते सुचेना.

संध्याकाळी ग्राउंडवर पायरीच्या कडेवर तिला उभं केलं. डावा पंचवीस. उजवा सोळा. लातूरला जायच्या आधी वीस होते. राज्य स्पर्धा तीन आठवड्यांवर आहे, आणि पोलवर दुसरी पोरगी अजून कच्ची आहे हे तिलाही दिसतं, मलाही.

बूट घालता घालता तिने विचारलं, "राज्याला मला पोलवर ठेवणार का मॅडम?"

मी म्हटलं, सकाळी सांगते.